महाराष्ट्रातील परिचर्या प्रशिक्षण आणि वृद्धसेवा : एक ऐतिहासिक अभ्यास
(विशेष संदर्भ : बजाजनगर, छत्रपती संभाजीनगर)

प्रस्तावना

मनुष्याच्या आयुष्याची दोन टोके परावलंबी असतात. जन्मानंतरची काही वर्षे आणि मृत्यूपूर्वीची काही वर्षे त्याला दुसऱ्याच्या हाताचा आधार लागतो. यांपैकी पहिल्या टोकासाठी, म्हणजे प्रसूती व बालसंगोपन यांसाठी, महाराष्ट्रात गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत प्रशिक्षित मनुष्यबळाची एक व्यवस्था उभी राहिली. सुईणीची जागा प्रशिक्षित दाईने घेतली, तिच्यानंतर सहाय्यक परिचारिका आली आणि पुढे 'आशा' कार्यकर्ती दारापर्यंत पोहोचली. दुसऱ्या टोकासाठी मात्र अशी कोणतीही परंपरा निर्माण झाली नाही. वृद्धांची सेवा हे घरातील स्त्रीचे कर्तव्य मानले गेले. ते शिकण्याचे व शिकविण्याचे शास्त्र आहे, हा विचार फार उशिरा आला आणि अद्यापही पुरता रुजलेला नाही.

पाश्चात्त्य देशांत वृद्धांच्या आरोग्याची जबाबदारी स्वतंत्रपणे सांभाळणारी 'नर्स प्रॅक्टिशनर' ही उच्चप्रशिक्षित परिचारिका आज आरोग्यव्यवस्थेचा परिचित घटक आहे. ती रुग्णाची तपासणी करते, निदान करते, ठरावीक मर्यादेत औषध लिहून देते आणि गरज भासल्यास रुग्णाला तज्ज्ञाकडे पाठविते. महाराष्ट्रात अशा परिचारिकेचे वृद्धसेवेसाठीचे प्रशिक्षण का उभे राहिले नाही, या प्रश्नाचे उत्तर केवळ निधीच्या अभावात सापडत नाही. ते परिचर्या शिक्षणाच्या इतिहासात शोधावे लागते.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत. (१) महाराष्ट्रातील परिचर्या प्रशिक्षणाच्या वाटचालीत वृद्धसेवेचे स्थान तपासणे. (२) वृद्धपरिचर्या व नर्स प्रॅक्टिशनर या संकल्पनांच्या उदयाचा परामर्श घेणे. (३) बजाजनगरसारख्या औद्योगिक वसाहतीच्या संदर्भात या प्रशिक्षणाची निकड स्पष्ट करणे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

१. परिचर्या प्रशिक्षणाचा आरंभ : प्रसूती, साथ आणि विधवा

महाराष्ट्रातील आधुनिक परिचर्या प्रशिक्षणाचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत दिसतो. १८८५ मध्ये लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने स्त्रियांना वैद्यकीय मदत पुरविण्यासाठी निधी स्थापन झाला. स्त्री-डॉक्टर, परिचारिका व दाया तयार करणे हे त्याचे घोषित कार्य होते. १८८६ मध्ये मुंबईत कामा रुग्णालय सुरू झाले. स्त्रिया व बालके यांच्यासाठी असलेल्या या रुग्णालयाची धुरा डॉ. एडिथ पेची यांनी सांभाळली आणि तेथे परिचारिकांच्या प्रशिक्षणासही चालना मिळाली. परिचर्येच्या इतिहासावरील पाठ्यपुस्तकांत १८९१ मध्ये प्रशिक्षणासाठी आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचा पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून उल्लेख आढळतो. पडदा, प्रसूती आणि बालमृत्यू हे त्या काळचे प्रश्न होते. प्रशिक्षणाचे स्वरूपही त्यांवरूनच ठरले.

दुसरी प्रेरणा साथीच्या रोगांची होती. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पाठोपाठ पुण्यात पसरला. सावित्रीबाई फुले यांनी दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात प्लेगग्रस्तांची सेवा केली आणि त्याच रोगाची बाधा होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. वयाची पासष्टी ओलांडलेल्या स्त्रीने केलेली ही रुग्णसेवा महाराष्ट्राच्या स्मरणात आहे. तथापि सावित्रीबाईंच्या वयाच्या स्त्रीची शुश्रूषा कोणी व कशी करावी, हा प्रश्न त्या काळात सार्वजनिक चर्चेचा विषय झाला नाही.

तिसरी आणि सामाजिक दृष्ट्या सर्वांत महत्त्वाची प्रेरणा विधवांच्या पुनर्वसनाची होती. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये स्थापन केलेल्या अनाथ बालिकाश्रमाने विधवांच्या शिक्षणाचा पाया घातला. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुणे सेवासदन सुरू झाले. गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने सेवासदनाने विधवा व परित्यक्ता तरुणींना ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेण्यासाठी पाठविले. परक्या पुरुषाच्या देहाला स्पर्श करणे, सर्व जातींच्या रुग्णांची मलमूत्रशुद्धी करणे ही कामे कुलीन घरातील स्त्रीने करावीत, ही कल्पनाच तत्कालीन समाजाला असह्य होती. तो विरोध पत्करून ज्या स्त्रिया या व्यवसायात उतरल्या, त्यांच्यामुळे महाराष्ट्रात परिचर्येला प्रतिष्ठेचे अधिष्ठान लाभले.

येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. या चळवळीने तरुण विधवेला परिचारिका केले. परंतु वृद्ध विधवेला रुग्ण म्हणून पाहिले नाही. तिच्या वाट्याला माजघराचा कोपरा, तीर्थक्षेत्राचा आश्रय किंवा धर्मादाय संस्था एवढेच आले. पुण्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झालेले आणि आज 'निवारा' या नावाने ओळखले जाणारे डेव्हिड ससून अनाथ पंगुगृह हे अशा आश्रयाचे उल्लेखनीय उदाहरण होय. 'अनाथ' आणि 'पंगू' या शब्दांतून वार्धक्याकडे पाहण्याची त्या काळाची दृष्टी व्यक्त होते. वृद्धाला छप्पर व अन्न द्यावे, ही दया होती. त्याच्या आजाराचे स्वरूप वेगळे असते, ही जाणीव त्यात नव्हती. योगायोग असा की, पुणे सेवासदन सुरू झाले त्याच वर्षी, म्हणजे १९०९ मध्ये, अमेरिकेतील डॉ. इग्नाट्झ नॅशर यांनी वृद्धरोगशास्त्रासाठी 'जेरियाट्रिक्स' ही संज्ञा प्रथम वापरली.

२. मराठवाड्याची वेगळी वाट

मुंबई इलाख्यात १९३५ मध्ये परिचारिका, सुईणी व आरोग्यभेटकर्त्या यांच्या नोंदणीचा कायदा झाला. औरंगाबाद तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्याने हा कायदा येथे लागू नव्हता. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला. त्याच वर्षी औरंगाबादेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. या महाविद्यालयाचे रुग्णालय 'घाटी' या नावाने सर्व मराठवाड्याला परिचित आहे. मुंबई-पुण्यातील समाजसुधारणेच्या चळवळीतून परिचर्येला जी सात-आठ दशकांची सामाजिक पूर्वपीठिका मिळाली होती, ती मराठवाड्याला तशी लाभली नाही. येथे आधुनिक रुग्णसेवेचा विस्तार प्रामुख्याने शासनाच्या आश्रयाने आणि उशिरा झाला.

३. स्वातंत्र्योत्तर धोरण आणि माता-बाल केंद्रित प्रशिक्षण

सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. देशात त्या वेळी सुमारे ७,००० परिचारिका होत्या आणि ४३,००० लोकांमागे एक असे त्यांचे प्रमाण पडत होते. १९४१ ते १९५१ या दशकात भारतीयांचे सरासरी आयुर्मान अवघे ३२ वर्षांच्या आसपास होते. अशा देशात माता व बालके यांच्या मृत्यूंना अग्रक्रम मिळणे स्वाभाविक होते. या अग्रक्रमाबद्दल तत्कालीन धोरणकर्त्यांना दोष देता येणार नाही. आयुर्मान दुपटीहून अधिक झाल्यानंतरही प्रशिक्षणाचा साचा तोच राहिला, हा खरा प्रश्न आहे.

१९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद अस्तित्वात आली. १९५० च्या दशकाच्या आरंभी सहाय्यक परिचारिका प्रसाविका, म्हणजे एएनएम, हा अभ्यासक्रम सुरू झाला. १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने तिला बहुउद्देशीय आरोग्य कार्यकर्ती करण्याची शिफारस केली. 'बहुउद्देशीय' या शब्दात लसीकरण, कुटुंबनियोजन, प्रसूती, हिवताप यांचा अंतर्भाव झाला. वार्धक्य त्यात आले नाही. उपकेंद्रातील नर्सबाईची नोंदवही उघडली तर गर्भवती, स्तनदा माता, बालक आणि लक्ष्य-दांपत्य यांचे रकाने दिसत. त्याच घरातील आजीसाठी रकाना नव्हता.

उच्च शिक्षणाच्या क्षेत्रात महाराष्ट्राने काही महत्त्वाचे टप्पे गाठले. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालयाची स्थापना १९६४ मध्ये मुंबईत झाली. १९६६ मध्ये महाराष्ट्र परिचारिका अधिनियम संमत झाला. १९९८ मध्ये नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन होऊन राज्यातील परिचर्या महाविद्यालये हळूहळू एका छत्राखाली आली. तथापि पदवी अभ्यासक्रमातील विषयाचे नावच बोलके आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या २००० च्या दशकातील बी.एस्सी. अभ्यासक्रमात हा विषय 'वैद्यकीय-शल्यचिकित्सा परिचर्या (प्रौढ, वृद्धांसह)' असा आहे. बाल परिचर्या, प्रसूती परिचर्या, मानसिक आरोग्य परिचर्या हे स्वतंत्र विषय झाले आणि वृद्ध मात्र कंसात राहिले. २०२१ च्या सुधारित अभ्यासक्रमातही वृद्धपरिचर्या ही प्रौढ आरोग्य परिचर्येचा एक भाग म्हणूनच समाविष्ट आहे.

४. वृद्धपरिचर्या शास्त्राचा व नर्स प्रॅक्टिशनरचा उदय

वृद्धांच्या परिचर्येला शास्त्राचे रूप देण्याचे कार्य प्रथम ब्रिटनमध्ये झाले. १९३५ मध्ये वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे शेजारच्या गरीबगृहातील दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेले शेकडो वृद्ध सोपविण्यात आले. डॉ. मार्जोरी वॉरन यांनी प्रत्येकाची स्वतंत्र तपासणी करून त्यांचे वर्गीकरण केले, उपचार व व्यायाम सुरू केले आणि 'आता काही होणार नाही' असे मानलेल्या कित्येकांना पुन्हा चालते केले. पुढे डोरीन नॉर्टन या परिचारिकेने सहकाऱ्यांसमवेत रुग्णालयातील वृद्धांच्या परिचर्येचा अभ्यास करून १९६२ मध्ये तो प्रसिद्ध केला. अंथरुणावर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांचा धोका आधीच ओळखण्याची तिची श्रेणीपद्धती आजही वापरात आहे. पाठीला जखम होणे हे वयाचे अटळ फळ नाही, ते टाळता येते, हे एका परिचारिकेने मोजमाप करून सिद्ध केले.

नर्स प्रॅक्टिशनरची संकल्पना अमेरिकेत जन्मली. १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात परिचारिका लोरेटा फोर्ड आणि बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांनी पहिला प्रशिक्षणक्रम सुरू केला. डॉक्टरांची उणीव असलेल्या भागांत अनुभवी परिचारिकेने स्वतःच्या जबाबदारीवर रुग्ण तपासावेत, हा त्यामागील हेतू होता. येथेही आरंभ बालकांपासूनच झाला. मात्र त्याच वर्षी अमेरिकेत वृद्धांसाठी 'मेडिकेअर' ही विमायोजना अमलात आणणारा कायदा झाला आणि वृद्धांच्या उपचारासाठी पैसा उपलब्ध झाला. पुढील काळात वृद्धांसाठीच्या नर्स प्रॅक्टिशनरचे स्वतंत्र प्रशिक्षण व प्रमाणपत्र रूढ झाले. २००८ च्या सर्वसंमत आराखड्यानुसार प्रौढ व वृद्ध ही दोन क्षेत्रे एकत्र करून पदव्युत्तर स्तरावरील संयुक्त प्रशिक्षण स्वीकारण्यात आले. प्रत्येक प्रौढ रुग्ण पुढे वृद्ध होणार असल्याने त्याची काळजी घेणाऱ्या प्रत्येकीला वार्धक्याचे ज्ञान असावे, अशी त्यामागील भूमिका होती.

५. प्रशिक्षणाचे स्वरूप

वृद्धसेवेतील नर्स प्रॅक्टिशनर नेमके काय शिकते, हे समजून घेतल्याशिवाय तिचे महत्त्व कळणार नाही. वृद्धांचा आजार तरुणांसारखा बोलत नाही. हृदयविकाराच्या झटक्यात छातीत दुखेलच असे नाही. न्यूमोनियात ताप येईलच असे नाही. कधी केवळ जेवण सुटते, कधी एका रात्रीत भ्रम होतो, कधी रुग्ण न्हाणीघरात पडतो. घरची मंडळी 'वय झाले' असे म्हणतात. ते वय आहे की आजार आहे, हा भेद करणे हे या प्रशिक्षणाचे मर्म होय.

त्यासाठी सर्वांगीण वृद्धमूल्यमापन शिकविले जाते. सिडनी कॅट्झ यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या पद्धतीनुसार स्नान, वस्त्र, शौच, उठबस, मलमूत्रावरील ताबा व भोजन या सहा क्रिया रुग्ण स्वतः करतो किंवा नाही, याची नोंद होते. खुर्चीतून उठून तीन मीटर चालत जाऊन परत बसण्यास लागणारा वेळ मोजून पडण्याच्या धोक्याचा अंदाज घेतला जातो. १९७५ मध्ये तयार झालेल्या छोटेखानी मानसिक चाचणीने स्मृतिभ्रंशाचा प्राथमिक शोध घेता येतो. १९९१ मध्ये मार्क बीअर्स यांनी वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी प्रसिद्ध केली. रक्तदाब, मधुमेह, झोप, सांधेदुखी यांसाठी वेगवेगळ्या दवाखान्यांतून आणलेल्या गोळ्या एकत्र ताटात ओतून पाहणे आणि त्यांतील घातक कोणत्या ते ओळखणे, हे कौशल्य वृद्धसेवेत शस्त्रक्रियेइतकेच जीवरक्षक ठरते.

या साधनांचे मराठी भूमीत रूपांतर करणे हेही प्रशिक्षणाचेच अंग ठरेल. वाक्य लिहून दाखविण्याची चाचणी निरक्षर आजीला लावता येत नाही. तारीख न सांगणारी वृद्धा तिथी, वार आणि जवळ आलेला सण अचूक सांगत असेल, तर तिची स्मृती शाबूत आहे. हरियाणातील बल्लभगड परिसरातील अशिक्षित ग्रामीण वृद्धांसाठी अशा चाचणीचे हिंदी रूप १९९० च्या दशकात सिद्ध करण्यात आले. मराठवाड्याच्या बोलीत व जीवनपद्धतीत वाढलेली परिचारिका हे काम परक्या तज्ज्ञापेक्षा अधिक चांगले करू शकेल.

६. महाराष्ट्राचा स्वतःचा दाखला : जामखेड व गडचिरोली

डॉक्टर नसलेल्या व्यक्तीला निर्णयाचा अधिकार देणे भारतीय परिस्थितीत शक्य नाही, असा आक्षेप घेतला जातो. महाराष्ट्राचा इतिहास या आक्षेपाचे खंडन करतो. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. अल्पशिक्षित, पुष्कळदा निरक्षर व दलित समाजातील स्त्रियांना त्यांनी ग्रामआरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात त्यापुढील पाऊल टाकले. खेड्यातील स्त्रियांनी घरोघरी जाऊन नवजात बालकांतील जंतुसंसर्ग ओळखावा आणि ठरलेल्या नियमानुसार प्रतिजैविकाचे इंजेक्शनही द्यावे, असे प्रशिक्षण त्यांना देण्यात आले. या प्रयोगात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे या अनुभवाच्या आधारे घरोघरी नवजात बालसेवेचे काम 'आशा' कार्यकर्त्यांकडे देशभर सोपविण्यात आले.

जी गोष्ट चार दिवसांच्या बालकाच्या बाबतीत खेड्यातील स्त्री करू शकली, ती गोष्ट ऐंशी वर्षांच्या वृद्धाच्या बाबतीत पदवीधर परिचारिका करू शकणार नाही, असे म्हणण्यास आधार नाही. फरक क्षमतेचा नाही. बालकाच्या मृत्यूला समाजाने टाळता येण्याजोगा मृत्यू मानले आणि वृद्धाच्या मृत्यूला निसर्गक्रम मानले, हा तो फरक आहे.

७. भारतातील नर्स प्रॅक्टिशनर : अपुरी वाटचाल

भारतात १९९९ मध्ये राष्ट्रीय वृद्धविषयक धोरण जाहीर झाले. २००७ मध्ये माता-पिता व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम संमत झाला. २०१०-११ पासून वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्यानुसार जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वृद्धकक्ष व प्राथमिक आरोग्य केंद्रात साप्ताहिक वृद्धतपासणी अपेक्षित आहे. मुंबईचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय व जे. जे. रुग्णालय हे आरंभीच्या प्रादेशिक केंद्रांपैकी एक होते. महाराष्ट्र शासनाने २०१३ मध्ये ज्येष्ठ नागरिक धोरण स्वीकारले.

डॉक्टरांच्या शिक्षणात याचे पडसाद उमटले. वृद्धरोगशास्त्रातील एम.डी. अभ्यासक्रम १९९६ मध्ये चेन्नईच्या मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला होता. पुढे औरंगाबादच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही वृद्धरोगशास्त्राचा स्वतंत्र विभाग व पदव्युत्तर शिक्षण आले. मराठवाड्याच्या दृष्टीने ही अभिमानाची बाब आहे. परिचारिकांच्या शिक्षणाने मात्र या गतीने पाऊल टाकले नाही. भारतीय परिचर्या परिषदेचा वृद्धपरिचर्येतील एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे. परंतु त्यातून परिचारिकेला स्वतंत्र निर्णयाचा अधिकार प्राप्त होत नाही. नर्स प्रॅक्टिशनरच्या नावाने जे अभ्यासक्रम परिषदेने पुढे आणले, त्यांतील एक अतिदक्षता परिचर्येचा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम असून दुसरा प्रसाविका सेवेतील अठरा महिन्यांचा आहे. म्हणजे एकविसाव्या शतकातही निवड झाली ती अतिदक्षता विभागाची व प्रसूतिगृहाची. कामा रुग्णालयापासून चालत आलेला अग्रक्रम येथेही कायम राहिला.

कायद्याची बाजूही विचारात घेतली पाहिजे. अनुसूची 'एच' मधील औषधे नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या चिठ्ठीविना विकता येत नाहीत. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियमातील कलम ३२ ने समुदाय आरोग्य सेवकास प्राथमिक व प्रतिबंधात्मक सेवेपुरता मर्यादित परवाना देण्याची तरतूद केली. २०१८ पासून उभारलेल्या आरोग्य व कल्याण केंद्रांत, ज्यांना २०२३ मध्ये आयुष्मान आरोग्य मंदिर हे नाव मिळाले, परिचर्या अथवा आयुर्वेद पदवीधर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून नेमले गेले. या केंद्रांच्या बारा सेवांत वृद्ध व उपशामक सेवेचा समावेश आहे. परंतु सहा महिन्यांच्या प्रमाणपत्र प्रशिक्षणात या बारा सेवांपैकी वृद्धसेवेला किती वाव मिळणार, याची कल्पना करणे कठीण नाही. परिषदेच्या १९४७ च्या कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला. नव्या रचनेत वृद्धसेवेला स्वतंत्र स्थान देण्याची संधी आहे.

८. बजाजनगर : प्रश्नाचे स्थानिक रूप

या ऐतिहासिक उपेक्षेचा परिणाम कोठे दिसेल, याचे उत्तर बजाजनगरात मिळते. शहराच्या पश्चिमेस वाळूज औद्योगिक क्षेत्रात बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. त्याच्या पाठोपाठ सुटे भाग पुरविणारे लहानमोठे उद्योग आले आणि त्यांच्या आधाराने बजाजनगर ही कामगारांची वसाहत वाढली. मराठवाड्यातील कोरडवाहू शेतीतून बाहेर पडलेले तरुण येथे स्थायिक झाले. १९८५ मध्ये जो कामगार पंचवीस वर्षांचा होता, तो २०२० मध्ये साठ वर्षांचा झाला. एकाच पिढीने वसविलेली वसाहत एकाच वेळी म्हातारी होते, हे औद्योगिक नगरांचे वैशिष्ट्य येथे लागू पडते. जुन्या शहरात वार्धक्य घरोघरी थोडेथोडे येते. अशा वसाहतीत ते लाटेसारखे येते. गावाकडे एकटे राहू न शकणारे या कामगारांचे आई-वडीलही दोन खोल्यांच्या घरांत येऊन राहतात आणि एका घरात वृद्धांच्या दोन पिढ्या नांदतात.

कुटुंबाची रचनाही बदलली. दोन पगारांशिवाय संसार चालत नाही, तेथे सून घरी बसून सासऱ्यांचे अंग पुसू शकत नाही. ती नोकरीला गेली म्हणून तिला दोष देणे अन्यायाचे आहे. जे काम तिने पिढ्यान्‌पिढ्या विनामोबदला व विनाप्रशिक्षण केले, त्याची किंमत समाजाने कधीच केली नाही. म्हणूनच ती बाहेर पडल्यावर तिची जागा कोणी घ्यावी, हे समाजाला ठरविता येत नाही. ती पोकळी शहरांत खासगी ब्युरो भरून काढतात. बारा किंवा चोवीस तासांसाठी येणाऱ्या या 'मावशी' कष्टाळू असतात. पण लघवीची नळी, इन्शुलिन किंवा पाठीची जखम यांविषयी त्यांना पद्धतशीर शिक्षण क्वचितच मिळालेले असते.

वैद्यकीय संरक्षणाची स्थितीही नाजूक आहे. राज्य कामगार विमा योजनेत किमान पाच वर्षे विमाधारक राहून निवृत्त झालेल्या कामगाराला व त्याच्या जोडीदाराला वार्षिक १२० रुपये भरून वैद्यकीय लाभ घेता येतो. परंतु वेतनमर्यादा ओलांडल्याने योजनेबाहेर गेलेला कायम कामगार आणि वारंवार खंडित सेवेत राहिलेला कंत्राटी कामगार यांना या तरतुदीचा लाभ मिळणे अवघड होते. घाटीत वृद्धरोगतज्ज्ञ आहेत. मात्र पक्षाघात झालेल्या माणसाला रिक्षात घालून तेथपर्यंत नेणे आणि बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत बसविणे, यासाठी घरातील कमावत्या व्यक्तीची एक दिवसाची मजुरी जाते. अशा वसाहतीत आठवड्यातून एकदा दारी येणारी, तपासणारी, औषधांचा मेळ घालणारी आणि रुग्णालयात कधी न्यावे व कधी नेऊ नये हे सांगणारी परिचारिका असेल, तर किती धावपळ व किती यातना वाचतील, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

निष्कर्ष

१. महाराष्ट्रातील परिचर्या प्रशिक्षण प्रसूती, साथरोग व विधवा-पुनर्वसन या तीन गरजांतून जन्मले. वृद्धसेवा ही कुटुंबाची अथवा धर्मादायाची बाब मानली गेल्याने ती प्रशिक्षणाच्या कक्षेबाहेर राहिली.

२. अल्प आयुर्मानाच्या काळात माता-बालकांना दिलेला अग्रक्रम योग्य होता. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठ वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण ९.९ टक्के, म्हणजे सुमारे १ कोटी ११ लाख झाले. तरीही प्रशिक्षणाचा साचा त्या प्रमाणात बदलला नाही.

३. नियमबद्ध प्रशिक्षण व देखरेख असेल, तर डॉक्टर नसलेली स्त्री उपचाराचा निर्णय सुरक्षितपणे घेऊ शकते, हे गडचिरोलीने सिद्ध केले आहे. तो अनुभव आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला लागू करणे आवश्यक आहे.

४. अतिदक्षता परिचर्येच्या धर्तीवर वृद्धसेवेतील नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत सुरू व्हावा. वृद्धरोगशास्त्राचा विभाग असलेले घाटी रुग्णालय हे त्याचे प्रशिक्षणस्थळ आणि बजाजनगर-वाळूज परिसर हे त्याचे क्षेत्रकार्याचे केंद्र होऊ शकते. त्यासोबत मर्यादित औषधयोजनेचा कायदेशीर अधिकार व शासकीय सेवेत निश्चित पद निर्माण झाले नाही, तर प्रशिक्षित परिचारिका परदेशाची वाट धरतील आणि खर्च येथील समाजाचा होईल.

रमाबाई रानडे यांच्या काळात परक्या रुग्णाला स्पर्श करणारी स्त्री समाजाला मान्य नव्हती. ती मान्यता परिचारिकांनी कष्टाने मिळविली. आज प्रश्न स्पर्शाचा नसून निर्णयाचा आहे. परिचारिकेच्या हातावर समाजाचा विश्वास बसण्यास एक पिढी लागली. तिच्या निर्णयावर विश्वास बसण्यास आणखी एक पिढी लागणार असेल, तर बजाजनगर वसविणारे कामगार तोवर थांबू शकणार नाहीत.